आयईएलटीएस लिसनिंगची तयारी: टेस्ट कमी सोडवा, तपासा जास्त

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या लिसनिंगची, म्हणजे ऐकण्याच्या भागाची, पहिली सराव टेस्ट सोडवली तेव्हा मला ४० पैकी २१ मिळाले. इंग्रजी सिनेमे सबटायटलशिवाय बघतो असं चारचौघांत सांगणाऱ्या माणसाला हे जरा लागलंच. दोन दिवस ‘आपले कानच कच्चे’ म्हणत काढले आणि मग एकदाच्या त्या १९ चुका एकेक करून उघडल्या. सात ठिकाणी मला उत्तर व्यवस्थित ऐकू आलं होतं, पण लिहिताना स्पेलिंग तरी चुकलं होतं, नाहीतर शेवटचा ‘एस’ तरी गळला होता. पाच ठिकाणी कानावर पडलेलं पहिलंच उत्तर लिहून मी मोकळा झालो होतो आणि बोलणाऱ्याने ते पुढच्याच वाक्यात बदललं होतं. एक उत्तर हुकलं म्हणून हळहळत बसलो, त्यात ते आणि पुढची दोन अशी तीन गेली. खरोखर ऐकू आले नाहीत असे प्रश्न उरले चार.

म्हणजे कानाचा दोष १९ पैकी चारच ठिकाणी. त्या दिवसापासून तयारीची दिशाच बदलली. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी दोन महिने वाया घालवू नयेत म्हणून ती दिशा इथे क्रमाने मांडतो.

आधी परीक्षा कशी असते ते बघा

परीक्षेचे दोन प्रकार आहेत. अकॅडेमिक (उच्च शिक्षणासाठी) द्या किंवा जनरल ट्रेनिंग (नोकरी, स्थलांतरासाठी), लिसनिंग दोन्हींना एकच असतं. चार भाग, प्रत्येकात १० प्रश्न, एकूण ४०. प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण. ध्वनिफीत साधारण ३० मिनिटं चालते आणि प्रत्येक भाग एकदाच ऐकवला जातो. पहिल्या भागात दोघांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं असतं: बुकिंग, चौकशी, तक्रार. दुसऱ्यात एकच माणूस एखाद्या जागेची किंवा सोयीची माहिती देतो. तिसऱ्यात अभ्यासाबद्दलची चर्चा असते, बहुतेक वेळा दोन विद्यार्थी आणि एखादे शिक्षक. चौथ्यात एकट्याचं व्याख्यान. भाग पुढे सरकतात तसे ते अवघड होत जातात.

परीक्षा कागदावर असेल तर शेवटी उत्तरं उत्तरपत्रिकेत उतरवायला १० मिनिटं मिळतात. कॉम्प्युटरवर उत्तरं ऐकता ऐकताच टाइप करायची असतात, त्यामुळे शेवटी तपासायला फक्त दोन मिनिटं. हा फरक वाटतो त्याहून मोठा आहे. तुमची परीक्षा कॉम्प्युटरवर असेल तर सरावही टाइप करतच करा. वहीत सराव करून स्क्रीनसमोर बसलेल्यांची पहिल्या पाच मिनिटांत कशी तारांबळ उडते ते मी पाहिलं आहे.

गुणांचं गणित असं. निकाल बँडमध्ये, म्हणजे ९ पर्यंतच्या श्रेणीत, देतात. साधारणपणे १६ बरोबर आले तर बँड ५, २३ ला ६, ३० ला ७ आणि ३५ ला ८. प्रश्नपत्रिकेनुसार एखाद-दुसऱ्या गुणाचा फरक पडतो. बँड ६ वरून ७ वर जायला सात उत्तरं जास्त लागतात. वर सांगितलेल्या माझ्या सात ‘ऐकू आलेल्या’ चुका आठवा.

पहिली पायरी: एक टेस्ट द्या आणि ती उसवून बघा

आयईएलटीएसच्या अधिकृत संकेतस्थळांवर नमुना टेस्ट फुकट मिळतात. त्यातली एक घ्या. न थांबवता, मागे न जाता, घड्याळ लावून सोडवा. गुण मोजा. आता बहुतेक जण जे करतात ते करू नका, म्हणजे लगेच दुसरी टेस्ट काढू नका. थर्मामीटर दर तासाला लावला म्हणून ताप उतरत नाही.

ध्वनिफितीची संहिता, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, समोर घ्या. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाची जागा संहितेत शोधा, तिथे खूण करा आणि तेवढाच तुकडा पुन्हा ऐका. मग त्या चुकीला चारपैकी एका खान्यात टाका: ऐकलं पण चुकीचं लिहिलं, आधीचं उत्तर धरलं (बदललेलं नाही), मागचा प्रश्न हुकल्याने भरकटलो, आवाजच कळला नाही. शेवटच्या खान्याचे पुन्हा दोन भाग पडतात. शब्दच माहीत नव्हता की शब्द माहीत होता, पण बोलण्यात तो ओळखू आला नाही? पहिल्यावर इलाज शब्दसंग्रह. दुसऱ्यावर इलाज पुढची पायरी, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

या तपासणीला टेस्ट सोडवायला लागला त्याच्या तिप्पट वेळ लागतो. लागू द्या.

दुसरी पायरी: रोज थोडं श्रुतलेखन

शाळेतलं श्रुतलेखन आठवतंय ना? तेच. दीड-दोन मिनिटांचा तुकडा घ्या, ज्याची संहिता हाताशी आहे असा. एक वाक्य ऐका, थांबवा, जसंच्या तसं लिहा. नाही कळलं तर पुन्हा ऐका, पण चार वेळांपेक्षा जास्त नाही. पूर्ण तुकडा लिहून झाला की संहितेशी ताडून पाहा आणि तुम्ही गाळलेले शब्द लाल शाईने भरा.

पहिल्या आठवड्यात एक गोष्ट लक्षात येईल. गाळलेले शब्द मोठे, अवघड नसतात. ते ‘ऑफ’, ‘टु’, ‘हॅव’, ‘हर’, ‘ॲट’ असे चिमुकले असतात. एक वाक्य बघा. संहितेत असतं: ‘आय शुड हॅव टोल्ड हर अबाउट इट अर्लिअर.’ कानावर येतं: ‘आय शुडव्ह टोल्डर अबाउटिट अर्लिअर.’ ‘हॅव’चा फक्त ‘व्ह’ उरला, ‘हर’चा ‘ह’ गेला, ‘अबाउट’ आणि ‘इट’ एकमेकांना चिकटले. बोलणारा काही घाई करत नाहीये, इंग्रजी असंच बोलतात. अर्थाचे शब्द ठासून येतात आणि मधले चेपून जातात.

मराठीत आपण तरी वेगळं काय करतो? ‘काय करतो आहेस’ असं सावकाश कोण म्हणतं? ‘काय करतोयस’ म्हणतो. पुस्तकातून ‘करतो आहेस’ शिकलेला परका माणूस ‘करतोयस’ ऐकून जसा गोंधळेल, तसे आपण ‘शुडव्ह’ ऐकून गोंधळतो. त्यामुळे हे ‘फास्ट इंग्लिश’ आहे म्हणून वेग पाऊणपट करून ऐकण्यात फारसा अर्थ नाही. संथ केलं तरी चेपलेला शब्द चेपलेलाच राहतो. सवय मूळ वेगाचीच लावा.

श्रुतलेखनात काही ठराविक खड्डे पुन्हा पुन्हा लागतात, ते आधीच सांगून ठेवतो.

‘कॅन’ आणि ‘कान्ट’. शेवटचा ‘ट’ ऐकून फरक ओळखायला जाल तर फसाल, कारण पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असेल तर तो ‘ट’ अनेकदा गिळलाच जातो. होकारात हा शब्द पटकन ‘कन’ असा निसटून जातो. नकारात तो ठासून आणि लांबट येतो. जोर कुठे आहे ते ऐका.

‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’. जोर शेवटी असेल तर तेरा, सुरुवातीला असेल तर तीस, असं शिकवतात. बहुतेक वेळा ते चालतंही. पण पुढे लगेच नाम आलं की तेरामधलाही जोर सुरुवातीला सरकतो, आणि तिथेच घात होतो. म्हणून शेवटची लांब ‘ई’ आणि तिच्यानंतरचा ‘न’ पकडा.

अक्षरं. पहिल्या भागात नाव किंवा पत्ता अक्षर-अक्षर सांगून लिहायला लावणं हा या परीक्षेचा जुना नाद आहे. ‘जी’ आणि ‘जे’ यांची गल्लत तर आपली जुनीच. ऑस्ट्रेलियन तोंडी ‘ए’ हे अक्षर ‘ऐ’कडे झुकतं आणि ‘आय’सारखं भासतं. अमेरिकन माणूस ‘झेड’ला ‘झी’ म्हणतो, ते घाईत ‘सी’ वाटतं. ‘डबल एल’ ऐकल्यावर एकच ‘एल’ लिहिणारे मी कितीतरी पाहिलेत (आरशातही). फोन नंबरमध्ये शून्याला ‘ओ’ म्हणतात, ते अक्षर समजून लिहू नका. कुणाला तरी दहा अनोळखी आडनावं आणि दहा नंबर वाचून दाखवायला सांगा. आठवडाभरात हा भाग पक्का होतो आणि नंतर त्याकडे बघावंही लागत नाही.

उच्चारपद्धतींबद्दल एवढंच: ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडची, उत्तर अमेरिकन अशा सगळ्या येऊ शकतात. सिनेमा-मालिकांमुळे आपला कान बहुधा अमेरिकन बोलीला सरावलेला असतो. म्हणून श्रुतलेखनाचे तुकडे मुद्दाम इतरत्रचे निवडा. बीबीसी लर्निंग इंग्लिशवर संहितेसह छोटे कार्यक्रम आहेत, ऑस्ट्रेलियाच्या एबीसी रेडिओच्या मुलाखती आहेत. फक्त पार्श्वभूमीला लावून भांडी घासत ऐकलेला पॉडकास्ट तयारीत धरू नका. करमणूक म्हणून बेलाशक ऐका.

तिसरी पायरी: आवाज सुरू व्हायच्या आधीचे क्षण

प्रत्येक भागाआधी प्रश्न वाचायला थोडा वेळ मिळतो. नवखे या वेळात प्रश्न नुसते वाचतात. वाचू नका, अंदाज बांधा. हे वाक्य घ्या: ‘व्हिजिटर्स मस्ट लीव्ह देअर अमुक ॲट रिसेप्शन.’ रिकाम्या जागी काय येईल? नाम. हातात किंवा अंगावर असणारी वस्तू: बॅग, कोट, किल्ल्या. आणि ‘देअर’ आहे, म्हणजे बहुधा अनेकवचन. एवढं आवाज सुरू व्हायच्या आधीच तुमच्या हातात आलं.

आता ध्वनिफितीत काय येईल? ‘बिफोर यू गो इन, द स्टाफ ॲट द फ्रंट डेस्क विल आस्क यू टु हॅन्ड ओव्हर एनी अम्ब्रेलाज.’ प्रश्नातला ‘व्हिजिटर्स’ नाही, ‘लीव्ह’ नाही, ‘रिसेप्शन’सुद्धा नाही. जो माणूस ‘रिसेप्शन’ हा शब्द ऐकू येण्याची वाट बघत बसला, त्याच्या नाकासमोरून छत्री निघून गेली. प्रश्नात एक शब्द असतो, बोलण्यात त्याचा भाऊबंद येतो. उत्तराचा शब्द मात्र ध्वनिफितीत असतो तसाच लिहायचा असतो. म्हणून प्रश्न वाचताना महत्त्वाच्या शब्दांना ‘हेच दुसऱ्या शब्दांत कसं म्हणतील’ असं विचारत चला. ही सवय लागायला वेळ लागतो, पण माझ्या मते बँड ६ आणि ७ मधली भिंत हीच.

उत्तरं क्रमानेच येतात, हा मोठा दिलासा. त्यामुळे नजर कायम दोन प्रश्नांवर ठेवा: चालू आणि पुढचा. पुढच्या प्रश्नाचा विषय निघाला की समजायचं, आधीचं उत्तर येऊन गेलं. मग तिथे रेंगाळायचं नाही. हुकलं तर हुकलं.

चौथी पायरी: भागागणिक वेगळी युक्ती

पहिला भाग सोपा, म्हणूनच इथे सापळे लावलेले असतात. भाड्याने सायकल घ्यायला एक बाई फोन करते. ती विचारते, ‘कॅन आय बुक इट फॉर द फिफ्टीन्थ?’ तो बघून सांगतो, आहे म्हणून. तुम्ही १५ लिहिता. ती पुढे म्हणते, ‘अ‍ॅक्च्युअली, माय सिस्टर्स नॉट हिअर टिल द सिक्स्टीन्थ. लेट्स मेक इट द सेव्हन्टीन्थ, टु बी सेफ.’ उत्तर १७. तीन तारखा, त्यातली एकच खरी. ‘अ‍ॅक्च्युअली’, ‘ओह, वेट’, ‘नो, सॉरी’, ‘ऑन सेकंड थॉट्स’ असं काही ऐकलं की आधीचं उत्तर खोडायची तयारी ठेवा. पेन्सिलने हलकं लिहा आणि विषय बदलेपर्यंत ते कच्चंच समजा.

दुसऱ्या भागात अनेकदा नकाशा येतो. तो दिसला की पहिल्यांदा तुम्ही कुठे उभे आहात ते शोधा: प्रवेशद्वार, बाण, ‘यू आर हिअर’. उत्तर दिशा दाखवली असेल तर तीही बघा. मग बोलणाऱ्याबरोबर पेन्सिल किंवा माउसचं टोक चालवत राहा. डोळ्यांनी उड्या मारू नका. ‘जस्ट पास्ट’ म्हणजे ओलांडून लगेच पुढे, ‘ऑपोझिट’ म्हणजे समोर, ‘ॲट द फार एंड’ म्हणजे पार टोकाला. असे वीसेक शब्दप्रयोग आहेत, घराचा किंवा ऑफिसचा नकाशा काढून एका संध्याकाळी घोटून टाका.

तिसरा भाग बहुतेकांना सगळ्यात जड जातो. मलाही जायचा. कारण इथल्या बहुपर्यायी प्रश्नांत तिन्ही पर्यायांचा उल्लेख येतो. समजा प्रश्न असा: विद्यार्थिनीने हा विषय का निवडला? पर्याय: शिक्षकांनी सुचवला, संदर्भ सहज मिळाले, आधी त्यावर काम केलं होतं. बोलताना ती म्हणते की सरांनी खरं तर दुसरंच काही सुचवलं होतं, लायब्ररीत यावर फारसं काही सापडेना, पण गेल्या वर्षी यावर एक छोटा प्रकल्प केला होता म्हणून सोपं जाईल असं वाटलं. सर आले, लायब्ररी आली, प्रकल्पही आला. शब्द जुळवणारा इथे हमखास पडतो. प्रत्येक पर्याय ऐकताना ‘हो की नाही’ एवढंच ठरवत जा. आणि सूर ऐका. ‘आय सपोज सो’ हे अर्धं मनापासून दिलेलं ‘हो’ आहे, त्याच्यामागे बहुधा ‘बट’ येतो. दोघांपैकी शेवटी कोणाचं मत ठरलं ते महत्त्वाचं.

चौथ्या भागात मध्ये थांबा नसतो. दहाही प्रश्न एकदमच वाचून ठेवावे लागतात. विषय अनोळखी असला तरी घाबरू नका. त्या विषयाचं ज्ञान लागत नाही. व्याख्यानाला वळणं असतात आणि वक्ता ती आधी सांगतो: ‘लेट्स टर्न टु’, ‘अनदर रीझन’, ‘हाउएव्हर’, ‘इन कॉन्ट्रास्ट’. टिपणांतल्या मथळ्यांना खूण करून ठेवा. भरकटलात तर पुढचा मथळा हा परत गाडीत चढायचा स्टॉप.

पाचवी पायरी: लिहिताना सांडणारे गुण

मराठी जसं बोलतो जवळपास तसंच लिहितो, म्हणून न उच्चारलेली अक्षरं आपल्याला छळतात. चुकीचं स्पेलिंग म्हणजे गुण गेला, अर्धा गुण वगैरे नाही. ‘अकॉमोडेशन’मध्ये सी दोन आणि एम दोन. ‘वेन्झडे’त एक मुका डी. ‘एन्व्हायर्नमेंट’ आणि ‘गव्हर्नमेंट’ दोन्हींत एमच्या आधी एन. ‘सेपरेट’च्या मधोमध ए. ‘नेसेसरी’त सी एक, एस दोन. ‘क्वेश्चनेअर’मध्ये एन दोन. स्वतःच्या चुकांची यादी स्वतः ठेवा. दुसऱ्याची छापील यादी पाठ करणं निम्मं वाया जातं. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंग चालतात. सगळं मोठ्या लिपीत लिहिलं तरी चालतं, आणि हस्ताक्षर वाईट असेल तर तेच करा.

सूचनेतली शब्दमर्यादा प्रत्येक वेळी वाचा. ‘नो मोअर दॅन टू वर्ड्स’ असेल आणि तुम्ही तीन लिहिले, तर बरोबर शब्द त्यात असूनही शून्य. जोडरेघेचा शब्द एकच धरतात. ‘वन वर्ड अँड/ऑर अ नंबर’ म्हणजे फक्त शब्द, फक्त आकडा किंवा दोन्ही. आकडे अंकात लिहा, स्पेलिंगची भानगडच नको. आणि रिकाम्या जागेभोवतीचं वाक्य पुन्हा वाचा: आधी ‘अ’ असेल तर एकवचन, ‘मेनी’ असेल तर अनेकवचन. शेवटचा ‘एस’ ऐकू आला नसला तरी व्याकरण तो सांगतं.

वेळ कसा वाटायचा

सहा आठवडे असतील तर रोज पाऊण तास पुरे. त्यातली २० मिनिटं श्रुतलेखन, उरलेला वेळ एखाद्या एकाच भागाचा सराव आणि त्याची उसवण. पूर्ण टेस्ट आठवड्यातून एकच, तीही परीक्षेच्या वेळेला. शेवटच्या दोन आठवड्यांत दोन चालतील. दोनच आठवडे हातात असतील तर चौथी पायरी वाचून घ्या, पहिला भाग आणि स्पेलिंग घट्ट करा. कमी वेळात गुण तिथूनच निघतात. आणि सुरुवातच ४० पैकी १० च्या आसपास असेल, तर आधी परीक्षा बाजूला ठेवून दोन-तीन महिने साधं इंग्रजी ऐका, वाचा. युक्त्या त्याच्यावरच्या.

परीक्षेच्या दिवशी

लिसनिंग, रीडिंग आणि रायटिंग एकाच बैठकीत होतात, मध्ये सुट्टी नसते. पाणी आणि इतर गोष्टी आधी उरका. हेडफोन असेल तर आवाजाच्या चाचणीत संकोच करू नका. खरखर येत असेल तर तेव्हाच हात वर करा, नंतर कुणी ऐकून घेत नाही. प्रत्येक भागानंतर उत्तरं बघायला थोडा वेळ देतात. तो मी मागे बघण्यात न घालवता पुढच्या भागाचे प्रश्न वाचायला वापरायचो.

शेवटी मिळणाऱ्या दोन किंवा दहा मिनिटांत तीनच गोष्टी बघा: ‘एस’, शब्दमर्यादा आणि रिकाम्या जागा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे काहीच सुचलं नाही तरी ए, बी, सीपैकी एक टाकून या.